तक्रार ठाण्याची, नोंदही ठाण्याचीच

साशंक : पोलीस तक्रार प्राधिकरणाचा विषय निघाला की दाद मागायला आता हक्काची जागा झाली, असं तुम्ही मांडता. जागा कमी कधी होत्या? ठाण्यात दाद लागली नाही तर अधीक्षक किंवा आयुक्त आहेत. तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. मानवी हक्क आयोग आहे, लोकायुक्त आहेत, पोलिसाने पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे, आणि शेवटी उच्च न्यायालय आहेच. एवढं असताना सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी राज्य आणि जिल्हा पातळीवर आणखी एक यंत्रणा उभी करायला सांगितली. महाराष्ट्राने ती पोलीस कायद्यात घातली 2014 साली, आणि तीही जिल्ह्याला नव्हे तर महसुली विभागाला एक या हिशेबाने. सिरोंच्यातल्या माणसाला ठाण्यातल्या मारहाणीची तक्रार करायची तर त्याचं विभागीय प्राधिकरण नागपूरला, तीनशे किलोमीटरांहून लांब. पण अंतर हा माझा खरा आक्षेप नाही. माणसाला शिस्त लावण्याचं काम तो ज्याच्या हाताखाली वागतो त्याचंच असलं पाहिजे. ठाण्यात कोण हात उगारतो, कोणाची भाषा बिघडलेली आहे, कोणाची कुठल्या धंद्यात उठबस आहे, हे वरिष्ठ निरीक्षकाला आणि त्याच्या वरच्या सहायक आयुक्ताला ठाऊक असतं. प्राधिकरणावर बसलेल्या बाहेरच्या निवृत्त न्यायाधीशाला ते कधीच कळणार नाही. बाहेरचं मंडळ नेमलं की या वरिष्ठांची सुटका होते. ‘प्रकरण प्राधिकरणाकडे आहे’ एवढं म्हटलं की त्यांना काही करावं लागत नाही.

आग्रही : वरिष्ठांना ठाऊक असतं, हे मला मान्य आहे. ठाऊक असलेलं कागदावर का येत नाही, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही सांगितलेल्या पहिल्याच वाटेने एक अर्ज कसा जातो ते बघा. बाई आयुक्तालयात अर्ज देते, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घेते. अर्ज परिमंडळाच्या उपायुक्तांकडे जातो, तिथून सहायक आयुक्तांकडे, आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन तो त्याच ठाण्यात येऊन पडतो जिथल्या माणसाविरुद्ध तो केलेला होता. मग त्या ठाण्यातला हवालदार बाईंना फोन करतो, जबाब नोंदवायला या म्हणून. ज्या खोलीत अपमान झाला त्याच खोलीत, ज्याने केला त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून तिने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. जबाबाच्या शेवटी ‘माझी काही तक्रार राहिलेली नाही’ हे वाक्य पुष्कळदा असंच येतं. यात प्रत्येक जण दुष्ट असायची गरजच नाही. उपायुक्तांच्या टेबलावर असे अर्ज गठ्ठ्याने असतात, आणि चौकशी करणाऱ्याला उद्या त्याच सहकाऱ्याबरोबर बंदोबस्ताला उभं राहायचं असतं. राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 च्या आपल्या पहिल्याच अहवालात हे ओळखलं होतं. कोठडीतला मृत्यू, बलात्कार, गंभीर इजा अशा प्रकरणांची चौकशी पोलिसांकडे ठेवू नये, न्यायिक अधिकाऱ्याकडे द्यावी, असं त्याने सुचवलं. आयोगात पोलीस प्रशासन आतून पाहिलेली माणसं होती, तेव्हा ही सूचना पोलिसांच्या शत्रूंनी केलेली नव्हती. ती मनावर घ्यायला आपल्याला पुढची सत्तावीस वर्षं आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला.

साशंक : अर्जाचा प्रवास तुम्ही सांगितलात तो खरा आहे. पण सांगलीचं उदाहरण त्याच्याशेजारी ठेवा. नोव्हेंबर 2017 मध्ये शहर पोलीस ठाण्यात चोरीच्या संशयावरून धरलेला एक तरुण कोठडीत मेला. आरोपी पळाले अशी बतावणी करायची आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळायचा, असा प्रकार पोलिसांनीच केल्याचा आरोप ठेवला गेला. थोड्याच दिवसांत ठाण्यातल्या अधिकाऱ्यासह पोलिसांना अटक झाली आणि तपास राज्याच्या सीआयडीकडे गेला. अटक करणारे आणि तपास करणारे सगळे पोलीसच होते. आता ख्वाजा युनूस प्रकरण घ्या. घाटकोपरच्या स्फोटाच्या संशयावरून धरलेला हा अभियंता जानेवारी 2003 मध्ये पोलिसांच्या ताब्यातून पळाला, असं सांगण्यात आलं. सीआयडीच्या चौकशीत तो कोठडीतच मेल्याचं पुढे आलं. चार पोलीस 2004 मध्ये निलंबित झाले, आणि खटला निकाली निघालेला नसताना 2020 मध्ये पुन्हा सेवेत आले. दोन्हीकडे राज्य तेच, खातं तेच, तपास करणारी शाखाही तीच. फरक पडला तो वरच्यांना काय हवं होतं त्याने. वरच्यांनी मनावर घेतलं तर बाहेरच्या मंडळाची गरज नाही, आणि घेतलं नाही तर मंडळाचा अहवाल कपाटात जाईल.

आणि खालच्या माणसाकडेही बघा. तक्रार येते ती बहुतेक शिपायावर, हवालदारावर, फार तर उपनिरीक्षकावर. मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला तो 2016 मध्ये. त्याआधी बारा तास आणि सणासुदीला त्याहून अधिक ही ठरलेली गोष्ट होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. या माणसाला संघटना करता येत नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताच गेली, त्यानंतर त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला कुणी उरलं नाही. गुन्हा नोंदवू नको, अदखलपात्र करून वाटेला लाव, हे त्याला वरून सांगितलेलं असतं, कारण महिन्याच्या गुन्हे बैठकीत आकडा वाढलेला कुणालाच नको असतो. तक्रार मात्र त्याच्या नावाने होते. प्रकाश सिंह निकालात एकच आदेश नव्हता, सात होते. ठाण्याच्या प्रमुखापासून वरपर्यंत किमान दोन वर्षांची मुदत, बदल्या ठरवायला आस्थापना मंडळ, राज्य सुरक्षा आयोग, तपास आणि बंदोबस्त वेगळे करणं, हे सगळं त्यात होतं. बदली राजकारण्याच्या हातात ठेवायची आणि तक्रारपेटी तेवढी नवी बसवायची, म्हणजे सुधारणेचा सगळा भार खालच्या माणसाच्या डोक्यावर टाकणं झालं. शिवाय जो अधिकारी वाळूची वाहनं अडवतो किंवा मटक्यावर छापा घालतो, त्याच्या मागे लावायला खोट्या तक्रारीसारखं स्वस्त हत्यार नाही.

आग्रही : सातही आदेश एकत्र पाळले जायला हवे होते, याबद्दल आपल्यात वाद नाही. शिपायाला स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी जागा हवी, हेही मी तुमच्याइतकंच जोराने म्हणेन. पण सांगलीच्या उदाहरणातून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला उलटा दिसतो. तिथं नातेवाइकांनी ठाण्याचं म्हणणं मानायला नकार दिला आणि शहर पेटून उठलं. ज्याच्यामागे असं शहर उभं राहत नाही, पारध्याच्या पालावरून उचललेला पोरगा, परराज्यातून आलेला मजूर, त्याच्या वाट्याला वरच्यांची इच्छा कुठून येणार? न्याय मिळणं इच्छेवर सोडलं की तो ज्याचा आवाज मोठा त्याला मिळतो. देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराची गोष्ट आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे, ती 1979 मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं म्हणून. तोवर सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलेलं होतं. शरीरावर इजेच्या खुणा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही, हे त्या निकालात तिच्या विरुद्ध धरलं गेलं. रात्रीच्या वेळी ठाण्याच्या आत, दार बंद असताना काय घडलं त्याला तिच्याखेरीज साक्षीदार फक्त पोलीस होते.

आणि आपण दोघंही ज्याच्याभोवती फिरतो आहोत तो मुद्दा हाच आहे. कुठल्याही दुसऱ्या खात्याविरुद्ध तक्रार करताना माणसाकडे स्वतःचा काहीतरी पुरावा असतो. तलाठ्याने फेरफार अडवला तर सातबारा हातात असतो. पोलीस ठाण्यातल्या तक्रारीत मात्र पुरावा तयार करणारा, जपणारा आणि सादर करणारा तोच असतो ज्याच्याविरुद्ध बोलायचं आहे. माणसाला केव्हा आणलं ते स्टेशन डायरी सांगणार, आणि डायरी ठाणे अंमलदार लिहिणार. सकाळी घरातून उचललेल्या माणसाची अटक संध्याकाळी दाखवली, की मधले सगळे तास कागदावर नाहीतच. अटकेचा पंचनामा, वैद्यकीय तपासणीला नेणारा शिपाई, डॉक्टरसमोर आरोपीच्या शेजारी उभा राहणारा शिपाई, सीसीटीव्हीची हार्ड डिस्क असलेली खोली, सगळं एका छपराखाली आहे. उत्तर प्रदेशातल्या एका कोठडी मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ही अडचण बोलून दाखवली. त्यावरून विधी आयोगाने त्याच वर्षी सुचवलं, की कोठडीत इजा झाली तर ती त्या अधिकाऱ्याने केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, म्हणजे काय घडलं ते सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर जाईल. 1994 मध्ये आयोगाने हे पुन्हा सांगितलं. पुराव्याचा कायदा 2023 मध्ये नव्याने लिहिला गेला, त्यातही हे कलम आलं नाही. खोट्या तक्रारींची भीती तुम्ही घातलीत. वाळूची वाहनं अडवणाऱ्या तुमच्या अधिकाऱ्याला खोट्या तक्रारीतून वाचवणारी गोष्टही हीच आहे, ज्यात त्याला स्वतःला हात घालता येत नाही अशी नोंद.

साशंक : मग तुम्ही स्वतःच जागा बदललीत. सुरुवात केलीत प्राधिकरणापासून आणि पोचलात नोंदीपाशी. इथं मी तुमच्याबरोबर आहे, पण यातून प्राधिकरणाचं महत्त्व वाढत नाही, उलट कमी होतं. तक्रार नागपूरला किंवा मुंबईला पोचेपर्यंत महिने जातात. प्राधिकरण ठाण्याकडून अहवाल मागवतं, ठाणं डायरीचा उतारा पाठवतं, संबंधित अधिकारी वकिलामार्फत म्हणणं मांडतो आणि तारखा पडत राहतात. निवृत्त न्यायाधीश कितीही निःपक्ष असले तरी वाचणार काय? आरोपीने लिहिलेले कागद. सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरणाला प्रत्यक्ष जागेवर चौकशी करायला सीआयडी, दक्षता वगैरे शाखांतले निवृत्त तपास अधिकारी वापरता येतील असं म्हटलं होतं. म्हणजे आयुष्यभर खात्यात काढलेली माणसं निवृत्तीनंतर खात्याची चौकशी करणार. बाहेरचं मंडळ म्हणायचं आणि त्याचे हात-पाय आतलेच ठेवायचे, त्यापेक्षा आतल्यांनाच सरळ जबाबदार धरणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. सीसीटीव्हीचंही तसंच. परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने ठाण्याचं प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, सगळीकडे आवाजासह कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, अगदीच अडचण असेल तर निदान एक वर्ष, जपायला सांगितलं. पण कॅमेरा चालू आहे ना, बिघडला तर कळवलं का, ही जबाबदारी ठाणेप्रमुखावरच आहे. नेमक्या हव्या त्या रात्री यंत्र बंद होतं, हे उत्तर न्यायालयांना नवीन नाही.

आग्रही : जागा बदलली हे खरं, आणि ती तुमच्या आक्षेपांमुळे बदलली. पण नोंद ठाण्याबाहेर न्यायची तर ती कुणाच्या ताब्यात द्यायची? अधीक्षकांच्या दिली तर ती पुन्हा त्याच साखळीत राहिली. म्हणून प्राधिकरण हवंच, मात्र ते निकाल देणारं मंडळ म्हणून नंतर यायला नको, पुरावा ताब्यात घेणारी यंत्रणा म्हणून आधी यायला हवं. तक्रार आल्यापासून चोवीस तासांच्या आत चित्रण, डायरीची ती पानं, वायरलेस आणि गाड्यांच्या नोंदी मोहोरबंद करण्याचा अधिकार, आणि ते करायला स्वतःची पगारी माणसं. हे अशक्य नाही. उत्तर आयर्लंडमध्ये 2000 सालापासून पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांकडे जातच नाहीत, स्वतंत्र लोकपालाकडे जातात, आणि त्याच्याकडे घटनास्थळी जाणारे स्वतःचे तपासनीस आहेत. एका समाजाचा पोलिसांवर काडीचाही विश्वास उरलेला नव्हता, त्यातून ही व्यवस्था निघाली. आपल्याकडे काही वस्त्यांचा पोलिसांवर किती विश्वास उरला आहे?

साशंक : उत्तर आयर्लंडची वस्ती वीस लाखांच्या आत आहे. त्याहून जास्त माणसं एकट्या पुणे शहरात राहतात. शेजारच्या इंग्लंडमध्ये हे जमलेलं नाही. तिथं गंभीर प्रकरणं तेवढी स्वतंत्र कार्यालय घेतं आणि बहुसंख्य तक्रारी त्या त्या पोलीस दलाचीच शाखा हाताळते. महाराष्ट्रात पोलिसांची संख्याच दोन लाखांच्या घरात आहे, ठाणी अकराशेच्या वर. तेव्हा तुमची यंत्रणा मोठ्याच तक्रारी घेणार. आपल्या कायद्यातही तेच आहे: कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर. पण लोकांना रोज सोसावं लागतं ते यात कुठं बसतं? नवऱ्याने मारलं म्हणून आलेल्या बाईला तीन तास बाकावर बसवून ठेवणं. मोबाइल चोरीला गेला तर ‘हरवला’ म्हणून लिहून घेणं. ललिता कुमारी निकालाने 2013 मध्ये दखलपात्र गुन्हा नोंदवणं बंधनकारक केलं, तरी माणूस अदखलपात्राची पावती घेऊन घरी येतो. पोलिसांविषयीचं मत या छोट्या अनुभवांतून बनतं, आणि छोट्याकडे कुणी बघत नाही म्हणूनच उद्या मोठं घडतं. हे दुरुस्त करू शकतो तो फक्त ठाण्याचा प्रमुख. वेतनवाढ रोखणं, सक्त ताकीद, मुख्यालयात बदली, ही हत्यारं त्याच्या आणि त्याच्या वरिष्ठांच्याच हातात आहेत.

आग्रही : छोट्या तक्रारी ठाण्याच्या प्रमुखाकडेच राहाव्यात, हे मी मानतो, एका अटीवर. किती आल्या, कशाच्या आल्या, कितींचं काय झालं, हे ठाण्यानुसार दर तिमाहीला प्रसिद्ध व्हायला हवं. गुन्हे बैठकीत गुन्ह्यांचा आकडा विचारतात तसा हाही विचारला जावा, आणि तक्रार जास्त नोंदवणाऱ्या ठाण्याला त्याचीच शिक्षा होऊ नये. पण मोठ्या प्रकरणांत तुमची मूळ भूमिका टिकत नाही. परभणीचंच बघा. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या हिंसाचारानंतर अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मेला. कायद्याने बंधनकारक असलेली दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, तिने पोलिसांवर ठपका ठेवला. म्हणजे पोलीस नसलेल्या माणसाने चौकशी केली आणि निष्कर्षही आला. तरीही गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै 2025 मध्ये आदेश द्यावा लागला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथं त्याचं ऐकलं गेलं नाही. वरिष्ठांवर जबाबदारी टाका म्हणता, पण इथं सर्वांत वरचा वरिष्ठ, म्हणजे खुद्द सरकार, आपल्या माणसांच्या बाजूने उभं राहिलं.

साशंक : आणि हेच उदाहरण तुमच्याही विरुद्ध जातं. दंडाधिकारी बाहेरचे होते, कायद्याचं पूर्ण बळ त्यांच्यामागे होतं, तरी त्यांचा निष्कर्ष आपोआप गुन्ह्यात बदलला नाही. तुमच्या प्राधिकरणाचं वेगळं काय होईल? सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असं म्हटलं होतं. महाराष्ट्राच्या कायद्याने सरकारला अपवादात्मक प्रकरणात, कारणं नोंदवून, अहवाल फेटाळायची मुभा ठेवली. समजा ती मुभा उद्या काढली. मग शिपायाच्या नोकरीचा आणि स्वातंत्र्याचा निर्णय असं मंडळ करणार, ज्याला निवडून आलेल्या कुणालाही उत्तर द्यावं लागत नाही, आणि मोहोरबंद केलेली नोंद त्या शिपायालाही त्याच्या बचावासाठी हवी तेव्हा मिळेल याची खात्री नाही. मुभा ठेवली, तर परभणीत जे सरकार करू शकलं तेच ते प्रत्येक वेळी करेल. नोंद ठाण्याबाहेर काढा, मी सोबत आहे. पण ती वाचून गुन्हा दाखल करा असं सांगणारा शेवटचा अधिकारी कोण, आणि तो चुकला तर त्याला विचारायचं कुणी, याचं उत्तर तुमच्याकडे अजून नाही.

आग्रही : नाही. सत्र न्यायाधीशाला हा अधिकार दिला तर तो चुकल्यावर वर अपिलाला उच्च न्यायालय आहे, एवढं मला दिसतं. पण तसं केलं तर प्राधिकरण आणि न्यायालय यांत फरक काय राहिला, हे तुम्ही पुढे विचाराल, आणि तक्रारदार पुन्हा तारखांच्या रांगेत उभा राहील. मात्र हा शेवटचा अधिकारी ठरेपर्यंत पहिले चोवीस तास थांबवून ठेवता येत नाहीत. आज रात्री कुठल्यातरी ठाण्यात कुणालातरी आणलं जाईल, आणि त्याला केव्हा आणलं हे उद्या ज्या पानावरून ठरणार आहे ते पान अजून कोरं आहे. ते भरताना ठाण्याबाहेरचं कुणीतरी ते बघू शकेल, एवढी सोय शेवटचा प्रश्न सुटायच्या आधीही करता येते.

साशंक : करता येते. पण बघणारा नेमणार कोण, त्याची बदली कुणाच्या हातात असेल, हे मी तेव्हाही विचारणार आहे.